इळैयाराजा आणि स्वरलेखनाची मक्तेदारी

इळैयाराजांवर लिहिताना वृत्तपत्रे 'दैवी देणगी' हा शब्द हटकून वापरतात. तमिळनाडूत ते 'इसैज्ञानी' म्हणून ओळखले जातात. हा गौरव रास्त आहे. पण त्याच्या आड एक इतिहास झाकला जातो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यातल्या एका मुलाने स्वरांची लिपी कष्टाने हस्तगत केली. ते कष्ट देवाच्या खाती जमा करण्यात कोणाचे हित आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्यांचा जन्म १९४३ चा, आजच्या थेनी जिल्ह्यातील पण्णैपुरम गावी, दलित कुटुंबात. तमिळ प्रदेशात 'परै' हे चामड्याचे वाद्य ज्यांच्या गळ्यात अडकवले गेले, त्यांची जातही त्याच नावाने ओळखली गेली. आणि इंग्रजीने त्या जातिनामातून बहिष्कृताला लावायचा शब्द घडवला. आपल्याकडच्या हलगीवाल्याची गत काय निराळी होती? वाजप हवे, वाजवणारा वेशीबाहेर!

त्यांचे थोरले सावत्र बंधू पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराची गाणी रचत आणि गात. चौदाव्या वर्षी इळैयाराजा त्यांच्या पथकात आले आणि जवळजवळ दहा वर्षे गावोगाव हिंडले. अण्णा भाऊ साठ्यांचे लाल बावटा कलापथक ज्यांना माहीत आहे, त्यांना ही शाळा कसली होती ते उमगेल. १९६८ मध्ये मद्रासला धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे आणि स्वरलेखनाचे धडे घेतले. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गिटार परीक्षेत सुवर्णपदक मिळवले. जी. के. वेंकटेश यांच्या हाताखाली उमेदवारी केली. १९७६ मध्ये 'अन्नक्किळि' आला आणि तमिळ सिनेमाच्या गाण्यात खेड्याचा आवाज शिरला. एवढेच बहुतेकजण सांगतात.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मुंबईच्या हिंदी सिनेमात संगीतकार बहुधा हार्मोनियमवर चाल सांगे. ती कागदावर उतरवून वाद्यमेळात वाटून देण्याचे काम सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय वादक करीत. चर्चच्या शाळांमुळे स्वरलेखन गोव्याच्या खेड्यांत पोचले होते. रचणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ही फाळणी होती. लिहिणाऱ्याचे नाव अनेकदा पडद्यावर येतही नसे. इळैयाराजांनी ती मोडली. चाल त्यांची आणि व्हायोलिनपासून तबल्यापर्यंतचे लेखनही त्यांच्याच हातचे. पार्श्वसंगीतासाठी चित्रपट पाहायचा आणि थेट कागदावर लिहीत सुटायचे, ही त्यांची पद्धत. संपूर्ण चित्रपटाचे काम काही दिवसांत हातावेगळे होई. लिपी हाती असल्याखेरीज हे घडत नाही. १९८६ च्या 'हाऊ टू नेम इट'मध्ये त्यांनी त्यागराज आणि बाख यांना शेजारी बसवले. पुढे लोककलावंतांवरच्या 'तारै तप्पट्टै'च्या पार्श्वसंगीतासाठी त्यांना २०१५ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या नावातला तप्पट्टै म्हणजे चामड्याचेच वाद्य.

आता अडचणीचा भाग. इळैयाराजा जातीची ओळख मिरवत नाहीत. २०२२ मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी पंतप्रधान मोदींची बाबासाहेबांशी तुलना केली. त्यावर वादळ उठले आणि काही महिन्यांतच ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. ती तुलना मला मुळीच मान्य नाही, आणि तिच्यावर कठोर टीका झाली ते योग्यच झाले. पण त्यांनी आपले बिरुद लावलेच पाहिजे, हा हट्ट वेगळा. पं. रविशंकरांना त्यांच्या जातीचा झेंडा खांद्यावर घ्या असे कोणी म्हटले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळ मंदिरात, अर्धमंडपाच्या उंबऱ्याशी, त्यांना बाहेर थांबायला सांगितल्याचे दृश्य देशभर दाखवले गेले. पुजाऱ्यांखेरीज आत कोणालाच प्रवेश नसतो, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. आपण स्वाभिमान सोडणारे नाही, लोक अफवा पसरवताहेत, असे खुद्द इळैयाराजांनी सांगितले. त्यानंतर तीन महिन्यांनी, ८ मार्च २०२५ रोजी, लंडनमध्ये त्यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी वाजली. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते.