आंबवणाचे पिंप (प्लास्टिकचे)

घरच्या घरी बीअर, वाइन, मीड किंवा सिरका आंबवण्यासाठी वापरले जाणारे झाकणाचे प्लास्टिकचे भांडे. साधारण २० ते ३० लिटरची बादली किंवा जार, झाकणात वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी आणि तळाजवळ एक तोटी, एवढाच त्याचा संसार. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बीअरवरची परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा झाला, आणि काचेच्या जड बरण्यांच्या शेजारी ही हलकी बादली आली. काच ओल्या हातातून निसटली की टाके पडतात. बादली पडली तर फार तर फरशी पुसावी लागते.

वालचंदनगरच्या माणसाला आंबवण म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाचे हे गाव इंदापूर तालुक्यात नीरेकाठी साखर कारखान्याभोवती वाढले. शेजारच्या बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर या सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मळीचा अल्कोहोल करतात. मळीत पाणी मिसळायचे, यीस्ट सोडायचे, साखरेचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊ द्यायचा: रीत तीच, फरक मापाचा. कारखान्याची टाकी पोलादी असते आणि ती थंड ठेवायला पाणी फिरवावे लागते, कारण आंबताना द्रव स्वतःच तापतो. घरच्या पिंपाला हे सुख नाही.

मात्र महाराष्ट्रात हे पिंप दारूसाठी भरण्याआधी कायदा वाचावा. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ नुसार विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी साहित्य, भांडी आणि उपकरणे बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत ‘कच्चे रसायन’ आणि प्लास्टिकचे कॅन जोडीनेच येतात. ते रसायन म्हणजे बहुधा गूळ आणि नवसागर यांचे आंबलेले पाणी. तेव्हा इकडच्या घरात या पिंपाचा रास्त उपयोग सिरक्यासारख्या गोष्टींपुरता, आणि बीअरचा छंद असलेल्या मराठी माणसाला तो परदेशात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, पुरवता येतो. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ या पबने ताजी बीअर विकायला सुरुवात केली, तीही परवाना घेऊनच.

प्लास्टिक कोणते, हा पहिला प्रश्न. तळाशी त्रिकोणात २ आकडा असेल तर ते एचडीपीई, १ असेल तर पेट, ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन. तिन्ही चालतात, पण अन्नासाठी बनवलेले हवे. ग्लास आणि काट्याची खूण पाहावी. भंगारवाल्याकडचा निळा ड्रम कितीही स्वस्त पडला तरी त्यात आधी ॲसिड होते की कीटकनाशक हे कळायला मार्ग नसतो, आणि प्लास्टिक वास व रसायने शोषून घेते. लोणचे भरलेला डबा वर्षभराने उघडून पाहावा. बादलीच्या प्लास्टिकमधून थोडा ऑक्सिजनही झिरपतो. दोन-तीन आठवड्यांच्या आंबवणाला त्याने बिघडत नाही. महिनोन्‌महिने मुरवायच्या वाइनला बिघडते.

इंदापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीशी गाठतो. बीअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. त्याच्या फार वर नेल्यास पेयाला नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा वास येतो. प्लास्टिक उष्णता धरून ठेवते, म्हणून ओले गोणपाट गुंडाळण्याचा जुना उपाय इथेही लागू पडतो. नॉर्वेच्या शेतघरांतले ‘क्वाइक’ यीस्ट तेवढे ३५ अंशांच्या पुढेही तक्रार करत नाही.

आता धुणे. बहुतेक नासाडी इथे होते, आणि ती निष्काळजीपणापेक्षा उत्साहातून जास्त होते. पिंप रिकामे झाले की आत फेसाच्या पातळीला तपकिरी कडे दिसते, आणि हात आपोआप तारेच्या काथ्याकडे जातो. तिथेच चूक होते. काथ्याने पडलेला चरा डोळ्यांना दिसत नाही, पण जंतूंना तो घराएवढा असतो; पुढची धुलाई तिथवर पोहोचतच नाही. पिंप रिकामे झाल्याबरोबर साध्या पाण्याने विसळावे, मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते रात्रभर भरून ठेवावे. सकाळी कडे मऊ फडक्याने निघून येते. उकळते पाणी टाळावे. पेटचे जार त्याने वाकडे होतात.

तोटी विसरली जाते. तिचे आटे उलगडून, रबरी वायसर काढून वेगळे धुवावे लागते. वायसरखालचा चिकट थर हाताला लागल्याखेरीज आंबलेल्या वासाचा उगम कळत नाही.

धुणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. मळ असताना जंतुनाशक वाया जाते. स्वच्छ पिंपात घरगुती ब्लीच लिटरला सुमारे ४ मिलिलिटर या मानाने घालून वीस मिनिटे ठेवावे आणि उकळून थंड केलेल्या पाण्याने नीट विसळावे, नाहीतर क्लोरीनचा औषधी वास पेयात उतरतो. आयोडीनची द्रावणे प्लास्टिक पिवळे करतात, पण कामाला उत्तम. बोअरच्या जड पाण्याने पांढरा क्षार बसतो. तो सिरक्याने किंवा लिंबूसत्वाने सुटतो. मात्र ब्लीच आणि आम्ल एकत्र येता कामा नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. धुतलेले पिंप उपडे, सावलीत वाळवावे. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, आणि ओल्या बादल्या एकात एक घातल्या तर घासून चरे पडतात.

पिंप किती वर्षे वापरावे याला ठरलेला आकडा नाही. आतून नख फिरवावे. अडले की ते बीअर-सिरक्यातून बाद. ऊसपट्ट्यात प्लास्टिकच्या मोठ्या, २०० लिटरच्या ड्रमला मात्र वेगळेच काम असते: पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती टाकून त्यात जीवामृत हे पिकांसाठीचे द्रवखत आंबवतात, वर गोणपाट टाकून सावलीत दोन दिवस ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात. त्या ड्रमला ब्लीच लावायचे नसते, कारण तिथे जंतूच हवे असतात.