गँगस्टर डिसायपल्स
अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात, दारिद्र्य व वर्णभेद यांनी गांजलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लॅरी हूवर आणि डेव्हिड बार्क्सडेल या म्होरक्यांच्या अनुयायांच्या ऐक्यातून उदयास आलेली गुन्हेगार टोळी. बार्क्सडेल १९७४ मध्ये निवर्तला. हूवरला त्यापूर्वीच खुनाबद्दल दीर्घ कारावास झाला होता, तथापि तुरुंगातूनच त्याने टोळीवर अंमल चालविला. सहा कोनांचा तारा हे बार्क्सडेलचे स्मारकचिन्ह असून ऊर्ध्वमुख दाताळे, निळा व काळा रंग आणि इंग्रजी आद्याक्षरांच्या वर्णानुक्रमावरून सिद्ध झालेला ७४ हा अंक याही तिच्या खुणा होत.

टोळीचे काही सभासद अमेरिकी सैन्यातही शिरले. तिच्या या खुणा इराकमधील अमेरिकी फौजेच्या मुक्कामीही भिंतींवर रेखाटलेल्या आढळल्या, आणि २००७ च्या संघीय अहवालाने लष्करी शिक्षण घेतलेले सभासद शहरांत परतण्याचा धोका नमूद केला. सैन्यातील या शिरकावातील सर्वांत विदारक घटना जर्मनीतील कैसर्सलाउटर्न येथील : २००५ मध्ये टोळीप्रवेशाच्या विधीत स्वतःच्याच सहकाऱ्यांनी केलेल्या निर्घृण मारहाणीने एका तरुण सार्जंटचा प्राण गेला. २००९ मध्ये संरक्षण खात्याने सैनिकांस गुन्हेगार टोळ्यांत सक्रिय सहभाग घेण्यास स्पष्ट मनाई केली.