राजा रामण्णा आणि न लिहिलेली टिप्पणी

एका केंद्रपुरस्कृत योजनेच्या पाहणीनिमित्त काही वर्षांपूर्वी म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे येथे तीन दिवस माझा मुक्काम होता. हेग्गडदेवनकोटे हे त्या तालुक्याचे पूर्ण नाव, पण सरकारी कागदावर ते क्वचितच पुरते लिहिले जाते. तालुक्यातील बीचनहळ्ळी येथे कबिनी नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयात गाव गेलेले एक वयस्कर गृहस्थ मला भेटावयास आले. कापडी पिशवीतून त्यांनी कागदांची चळत काढली. कोणती जमीन गेली, किती गुंठे, मोबदल्याचा हप्ता केव्हा मिळाला, कोणता अर्ज कोणत्या शेऱ्यासह परत आला, सारे सही-शिक्क्यानिशी. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अधिकारात नव्हते, आणि तसे मी त्यांना सांगितले.

धरण पूर्ण झाले ते १९७४ साली. रात्री विश्रामगृहात तो आकडा मनातून जाईना, कारण प्रवासात वाचावयास घेतलेले पुस्तक डॉ. राजा रामण्णांचे आत्मचरित्र होते. त्याच वर्षी, १८ मे १९७४ रोजी सकाळी, पोखरण येथे भारताचा पहिला अणुस्फोट झाला. त्याचे शास्त्रीय नेतृत्व याच जुन्या म्हैसूर संस्थानातील या पदार्थवैज्ञानिकाकडे होते.

रामण्णांचा जन्म २८ जानेवारी १९२५ रोजी तुमकूरजवळील तिपटूरचा. लहानपणापासून पियानोचे शिक्षण चाललेले. होमी भाभांशी त्यांची पहिली गाठ १९४४ मध्ये पडली, तीही विज्ञानामुळे नव्हे. लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाच्या एका परीक्षकांनी म्हैसूर मुक्कामी दोघांची ओळख करून दिली. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन रामण्णा १९४९ मध्ये भाभांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली, तेव्हा न्यूट्रॉन आणि अणुविखंडन हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय बनलेला होता. १९५७ मध्ये सुरू झालेल्या तेथील प्रशिक्षण विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. माझ्या मते बॉम्बपेक्षा हे काम अधिक टिकाऊ ठरले. अणुऊर्जा खात्याला लागणारे शास्त्रज्ञ परदेशी पदव्यांवर विसंबून न राहता येथेच घडू लागले.

१९७२ मध्ये ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात इंदिरा गांधींनी स्फोटाच्या सिद्धतेस तोंडी अनुमती दिली. पुढे जे घडले ते प्रशासनाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे असे आहे. काम करणारे शास्त्रज्ञ व अभियंते पाऊणशेच्या आतले. प्लुटोनियम 'सायरस' या कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या भट्टीतले. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी दाबून धरणाऱ्या रासायनिक स्फोटकांचे काम संरक्षण-प्रयोगशाळांकडे होते; त्यांत पुण्याचे रसायनतज्ज्ञ वामन दत्तात्रेय पटवर्धन यांचा भाग महत्त्वाचा होता. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हे नाव सहसा ठाऊक नसते. वाळवंटात सैन्याच्या अभियंत्यांनी खणलेल्या पहिल्या विवराला पाणी लागले, आणि राजस्थानात पाणी लागले म्हणून काम सोडून द्यावे लागण्याचा प्रसंग ओढवला!

स्फोटापूर्वीच्या अखेरच्या बैठकीचे वर्णन रामण्णांनी केले आहे. उपस्थित मोजकेच: पंतप्रधान, पी. एन. हक्सर, पी. एन. धर, डॉ. नागचौधुरी, होमी सेठना आणि स्वतः रामण्णा. हक्सरांना वेळ योग्य वाटत नव्हती. धर हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अर्थव्यवस्थेवर विपरीत परिणाम होईल म्हणून त्यांनी कडाडून विरोध केला, असे रामण्णा सांगतात. रामण्णांचे म्हणणे, तयारी इतकी पुढे गेली आहे की आता थांबणे शक्य नाही. इंदिराबाईंनी ठरल्या वेळी स्फोट करावयाचा निर्णय दिला.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, तेव्हा माझा कल धरांकडे झुकतो हे मान्य करतो. त्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप चालू होता, महागाई वीस टक्क्यांच्या वर गेलेली होती, महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळातून नुकताच सावरत होता. प्रयोगाचा खर्च तीस लाखांच्या घरातला सांगितला गेला. पण तो केवळ सीमांत खर्च होय. भट्टी, प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना आणि वर्षानुवर्षांचे पगार त्यात धरलेले नाहीत. कॅनडाने सहकार्य थांबवले आणि अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन निर्बंध घातले, त्याची किंमतही त्या आकड्यात नाही. अर्थात, त्याच निर्बंधांमुळे आपल्या अणुअभियंत्यांना स्वावलंबी व्हावे लागले, हा युक्तिवादही खोटा नव्हे. या हिशेबाची बेरीज मला आजवर जमलेली नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. इतक्या मोठ्या निर्णयातील मतभेद आपल्याला कळतात ते सतरा वर्षांनी, १९९१ मध्ये, एका सहभागी शास्त्रज्ञाच्या आठवणींतून. हक्सरांची हरकत काय होती, धरांनी कोणते आकडे मांडले, हे सांगणारी टिप्पणी सामान्य वाचकाच्या हाती नाही. गुप्तता आवश्यक होती, हे मी नाकारत नाही. परंतु गुप्त राखणे वेगळे आणि मुळात न लिहिणे वेगळे. कोट्याच्या त्या गृहस्थांच्या पिशवीत एकेका गुंठ्याची नोंद होती.

सरकारने त्या स्फोटाला 'शांततामय' म्हटले. रामण्णांनीही बरीच वर्षे तोच शब्द चालू ठेवला आणि १९९७ मध्ये मात्र तो बॉम्बच होता असे उघड सांगितले. स्फोटाची शक्ती बारा किलोटन असल्याचा अधिकृत दावाही अनेक तज्ज्ञांना पटलेला नाही.

असो. रामण्णा पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९९० मध्ये संरक्षण राज्यमंत्री झाले, बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे पहिले संचालक होते. पियानो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. राग आणि पाश्चात्त्य स्वररचना यांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. २४ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

परतताना गाडी धरणाच्या बाजूने नेण्यास मी चालकास सांगितले. ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांच्या कागदांच्या छायाप्रती मी अहवालास जोडल्या. त्या पुढे कोणी उघडून पाहिल्या की नाही, हे मला कळवण्यात आलेले नाही.