कापडाचे कृत्रिम जीर्णीकरण

कापडाचे कृत्रिम जीर्णीकरण म्हणजे रंग, घर्षण व रसायने यांच्या साहाय्याने नव्या कापडाला जुने, मळलेले आणि विरलेले रूप देण्याची प्रक्रिया होय. नाटक व चित्रपटांच्या वेशभूषेत ती वापरली जाते. ब्रिटिश रंगभूमीवर या कामास ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन या देशांत ३१ ऑक्टोबर रोजी साजऱ्या होणाऱ्या हॅलोविनच्या घरगुती सजावटीत भुतांची कफने, ममीच्या पट्ट्या व पडीक घराचे पडदे अशाच रीतीने तयार केले जातात.

कापडाची निवड

या कामासाठी सुती कापड सर्वांत सोयीचे असते. चीज गाळण्यासाठी वापरले जाणारे विरळ विणीचे चीजक्लॉथ हॅलोविनच्या सजावटीत विशेष प्रचलित आहे, कारण त्याच्या दशा सहज सुटतात. मांजरपाट व गोणपाटही चालतात. पॉलिएस्टरवर चहाचा रंग फारसा चढत नाही. नव्या कापडातील खळ रंग शोषण्यास अडथळा आणते, म्हणून कापड प्रथम गरम पाण्यात धुतात.

पद्धती

रंग: कापड चहा किंवा कॉफीच्या दाट, गरम अर्कात भिजवतात. चहातील टॅनिन सुती धाग्यांना तपकिरी छटा देते. कापड चुरगळून वाळवल्यास रंग घड्यांत व कडांना साचतो आणि जुन्या डागांचा भास होतो. वाळल्यावर छटा फिकी दिसते.

लोह: व्हिनेगरमध्ये लोखंड भिजवून केलेले पाणी टॅनिनयुक्त कापडावर लावल्यास करडा ते काळा रंग येतो. हिरड्याचे टॅनिन व लोह यांच्या संयोगातून मिळणारा कलमकारीतील काळा रंग याच क्रियेवर आधारलेला आहे.

घर्षण: पॉलिश पेपर, कानस किंवा तारेच्या ब्रशने कापड घासतात. खरी झीज कोपर, गुडघे, घड्या व खालच्या कडा येथे होते. त्यामुळे सर्वत्र सारखे घासलेले कापड कृत्रिम वाटते. कडा कात्रीने सरळ कापण्याऐवजी फाडतात व आडवे धागे ओढून काढतात.

ब्लीच: सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण रंग उडवते. मात्र ते सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण करून धागे कमकुवत करते व ही हानी भरून येत नाही. लोकर व रेशीम यांवर ते वापरत नाहीत.

सुरक्षितता

ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू, तर अमोनियात मिसळल्यास घातक क्लोरामाइन निर्माण होते. त्यामुळे लोहाची व ब्लीचची पद्धत एकाच भांड्यात किंवा एकाच ओल्या कापडावर वापरणे धोक्याचे असते. घासताना उडणारी धूळ टाळण्यासाठी मुखपट्टी वापरतात.

जीर्णीकरणामुळे कापड अधिक ज्वालाग्राही बनते. विरळ वीण व सुटलेल्या दशा यांमुळे धाग्यांभोवती हवा खेळती राहते आणि आग वेगाने पसरते. हॅलोविनमध्ये कोरलेल्या भोपळ्यांत मेणबत्त्या लावण्याची प्रथा असल्याने हा धोका वाढतो. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन मेणबत्तीऐवजी बॅटरीवर चालणारे दिवे वापरण्याचा आणि सजावट बाहेर पडण्याच्या वाटेत न ठेवण्याचा सल्ला देते.

हे सुद्धा पहा

हॅलोविन
टॅनिन
कलमकारी