सुभेदारीची किंमत हजार तंबोरे

मुनिरका मेट्रो स्थानकाचा जिना चढून वर या आणि तीनशे वर्षं मागे सरका. साल १७१२, ऐन पावसाळा, वार रविवार. आउटर रिंगरोडची वाहनं गेली, जेएनयूकडे वळणारी रिक्षांची रांगही गेली. उरली शेतं, बाभळी आणि लोदींच्या काळातले घुमट. चिखल तुडवत पूर्वेला चिराग दिल्लीची वाट धरा. दोन कोसांत नगारे ऐकू येतील.

नगाऱ्यांचा मान राजाचा, म्हणून तुम्ही अदबीने बाजूला होता. पण ते वाजताहेत लाल कुंवरसाठी. ती कलावंतांच्या घरातली गायिका. तिच्या गळ्यावर आणि रूपावर भाळलेला जहांदार शाह या वर्षी बादशहा झाला आणि तिचं नशीब पालटलं. मूल व्हावं म्हणून दोघं दर रविवारी चिराग दिल्लीच्या दर्ग्याच्या तळ्यावर स्नानाला येतात. मागून येताहेत तिचे भाऊबंद. कालपर्यंत अमीरांच्या वाड्यात बिदागीची वाट पाहणारे हे गवई आज मनसबदार आहेत. त्यांच्या हत्तींना वाट द्यायला शहरातले जुने सरदार भिंतीला चिकटून उभे राहतात.

आता त्यांच्यामागून लाल किल्ल्यात चला. लाल कुंवरचा भाऊ खुशहाल खान याला गाणं, हत्ती, मनसब हे सगळं कमी वाटू लागलंय. त्याला आग्र्याची सुभेदारी हवी. बादशहाने होकार दिलाय, पण फर्मान वजिराच्या दप्तरात अडलंय. वजीर जुल्फिकार खान. १६८९ मध्ये रायगड घेणारा आणि पुढे जिंजीला राजाराम महाराजांना वर्षानुवर्षं वेढा घालून बसलेला तोच. बहिणीने तक्रार केली आणि बादशहाने जाब विचारला. तुम्ही खांबाआड श्वास रोखून उभे आहात.

नजराण्याशिवाय नेमणूक करायची नाही, ही आमची जुनी खोड, वजीर शांतपणे सांगतो. मग नजराणा काय हवा? हजार तंबोरे! इतके कशाला? गवयांना सुभे मिळू लागले, आता अमीरांनी तंबोरेच शिकायला हवेत. बादशहा हसतो आणि फर्मान तिथेच बारगळतं. हा किस्सा इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवला आहे.

हसू तुम्हालाही येईल, पण जरा थांबा. त्या टोमण्यात गवयाच्या जातकुळीचा तिरस्कार मुरलेला आहे आणि तंबोऱ्याने तो अपमान सोसावा असं काही केलेलं नाही. तरी वजिराचा नेम अचूक होता. रागाला जितका रियाज लागतो तितकाच कारभारालाही लागतो. टाळ्यांनी फुगलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

फेब्रुवारी १७१३ पर्यंत थांबलात तर गादी जिंकणाऱ्या पुतण्याच्या, फर्रुखसियरच्या हुकमाने बादशहा आणि वजीर दोघेही मारले गेलेले दिसतील. मनसबी, हत्ती, नगारे सगळं उधळलेलं असेल. याच दिल्लीत पुढे मुहम्मद शाहच्या दरबारात संगीतकार सदारंगने ख्याल घडवला. त्याच्या बंदिशी आज पुण्या-मुंबईच्या मैफिलींत गायल्या जातात. गाण्याने मिळवलेला मान गाण्यातच गुंतवला की तो असा पिढ्यान्‌पिढ्या फळतो. सुभेदारीपायी उधळला, तर त्याचा किस्सा होतो.