कतबा पूर्ण वाचावा

कबरीच्या दगडावर कोरलेल्या मजकुराला उर्दूत कतबा म्हणतात. इंग्लंडमधील ब्राइटन शहरात सेंट निकोलस चर्चच्या आवारात असे कितीतरी जुने कतबे आहेत. त्यातला एक आपल्या ओळखीच्या नावाचा आहे. हिंदुस्थानातील पाटण्याचे शेख दीन महंमद 24 फेब्रुवारी 1851 रोजी वयाच्या 101व्या वर्षी वारले, असे त्यावर कोरलेले आहे. दोनच महिन्यांपूर्वी वारलेल्या त्यांच्या पत्नी जेन यांचेही नाव त्याच दगडावर आहे.

दीन महंमद लहानपणीच ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेसोबत गेले. 1784 मध्ये ते आयर्लंडला पोहोचले. 1794 मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापले गेले. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली, पण दोन वर्षांत दिवाळे निघाले. मग ब्राइटनला वाफेची स्नानगृहे काढून त्यांनी आपल्या चंपीला इतके नाव मिळवून दिले की राजा चौथा जॉर्जही त्यांच्याकडून उपचार घेई. 'शाम्पू' हा शब्द याच चंपीशी नाते सांगतो.

आता वय पाहू. त्यांच्या पहिल्या पुस्तकावरून जन्म 1759चा ठरतो. म्हणजे मृत्यूसमयी ते नव्वदीच्या थोडे पुढे होते. उतारवयात त्यांनी स्वतःच जन्मसाल दहा वर्षे मागे नेले आणि तेच दगडावर गेले. याच आवारात फीबी हेसेल या बाईची कबर आहे. ती पलटणीत शिपाई म्हणून लढली, 1745च्या फाँटेनॉयच्या लढाईत तिच्या दंडाला संगिनीची जखम झाली आणि ती 108 वर्षे जगली, असे तिचा कतबा सांगतो. छिन्नीने कोरले म्हणून सगळे खरेच असते असे नाही. दगडही ऐकीव गोष्ट सांगतो.

दुसरी बाब आपल्याला जास्त अवघड आहे. 'विलायतेत पहिले हॉटेल काढणारा मुसलमान' असे मेसेज आपण अभिमानाने पुढे पाठवतो. परंतु जेनशी लग्न करण्यापूर्वी दीन महंमद यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणूनच त्यांची कबर चर्चच्या आवारात आहे. हे गाळून सांगितलेला अभिमान अर्धा आहे. तसेच धर्म बदलला म्हणून त्यांना आपल्या इतिहासातून वजा करणेही चूक. त्यांनी महंमद हे नाव सोडले नाही, पाटण्याचा पत्ताही सोडला नाही. परक्या देशात, ख्रिस्ती कबरस्तानात दोन्ही कोरलेले आहेत.

मुलांना इतिहास शिकवताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. आपल्याला आवडेल तेवढाच कतबा वाचायचा आणि उरलेल्यावर हात ठेवायचा, ही सवय त्यांना लावू नये.