पाच झाडं, पाच चवी आणि यादीतला माळी

मागच्या दिवाळीत मी लॅबमध्ये शंकरपाळे नेले होते. त्याची परतफेड म्हणून लुइझियानाहून आलेल्या एका मैत्रिणीने घरून आलेला प्रालिनचा डबा उघडला. प्रालिन म्हणजे साखर, लोणी आणि दूध आटवून, त्यात पेकन घालून केलेल्या चपट्या वड्या. पेकन हे अक्रोडाच्या कुळातलं, लांबट आणि चवीला गोडसर फळ.

खाता खाता ती लहानपणात गेली. हिवाळा जवळ आला की आजीच्या अंगणात पेकन गळायचे. मुलं बादल्या घेऊन वेचायची, हिरव्या सालींनी बोटं काळी व्हायची. "पाच झाडं होती आणि पाच चवी. एकाचं कवच बोटांनी फुटायचं, एकाला हातोडी लागायची," ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एकाच अंगणात इतका फरक कसा? उत्तर सोपं आहे. पेकनचं परागण वाऱ्याने होतं आणि एकाच झाडावरची नर व मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या वेळी तयार होतात. त्यामुळे बी संकरित निघते. आपल्या रायवळ आंब्यासारखंच! चांगलं झाड जसंच्या तसं हवं असेल तर कलमच बांधावं लागतं.

मग साहजिक पुढचा प्रश्न आला: पेकनचं कलम पहिल्यांदा कोणी जमवलं?

नोंद सापडते ती लुइझियानातल्या ओक अ‍ॅली या ऊसमळ्याची. एका डॉक्टरांनी उत्तम पेकनच्या झाडाच्या काड्या तिथे दिल्या. त्यांचा स्वतःचा प्रयत्न फसला होता. 1846-47 च्या हिवाळ्यात मळ्यावरच्या अँटवान नावाच्या माळ्याने 16 झाडांवर कलमं यशस्वी केली. या वाणाची फळं 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गाजली आणि वाणाला 'सेंटेनियल' हे नाव मिळालं. व्यापारी पेकन बागायतीची सुरुवात इथून मानतात.

अँटवान गुलाम होता. 1848 मध्ये मळ्याचा मालक वारला, तेव्हा मालमत्तेची यादी झाली. तिच्यात अँटवान आहे: वय 38, माळी, किंमत 1000 डॉलर. आडनाव नाही. कलम कसं बांधलं, आधी किती वेळा फसलं, कोणाकडून शिकला, यातलं काही नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ती यादी अँटवानची आठवण राहावी म्हणून लिहिलेली नव्हती, वारसांना वाटणी करता यावी म्हणून लिहिली होती. त्यामुळे तिच्यात किंमत आहे, पण कसब कसं कमावलं ते नाही. कुठलाही कागद हाती आला की आधी विचारा, हा कोणी आणि कशासाठी लिहिला? मग त्यात काय नाही, ते दिसू लागतं.

मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या त्या पातळ कवचाच्या झाडाचं कलम कोणी बांधलं होतं, हे मी आजीला कधी विचारलंच नाही." आजी आता नाहीये.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की विचारून घ्या. आणि हो, तारीख टाकून लिहून ठेवा.